सव्वा मैल

या आठवड्यात थ्री-फेज रात्री एकला येते.
लीलाधरमामा साडेबारापासून स्टार्टरपाशी उभा,
बॅटरी विझवून.
डोळे अंधाराला द्यावे लागतात, म्हणतो, वीस मिनिटं.
मधे एकदा उजेड पाहिला
की पुन्हा पहिल्यापासून.

केळीची फाटकी पानं वाजतात.
मी बिबट्याला भितो, तो घड्याळ बघतो.
काट्यांचा रेडियम कधीच मेला,
तरी बघतो.

आम्ही दोघंच असायचो विमानात.
कक्कड वर, काचेखाली. त्याच्या खुर्चीत बारूद होती,
ओढली की तो आभाळात.
माझ्या खुर्चीला तसलं काही नव्हतं.
मला दार होतं, आणि दारापर्यंत सरपटणं,
तेवढा वेळ कुणी दिला तर.
नाकात पालथा पडून खाली बघायचो,
विहिरीत पडलेली घागर शोधतात तसा.

काय दिसायचं?

चांदणं असलं तर नदी.
चांदणं असलं तर आम्हीही.

रात्री गेलो म्हणून परत आलो, हे खरं.
रात्री गेलो म्हणून काय पाडलं ते कळलं नाही,
हेही लिहून ठेव.
सकाळी दुसरं कुणी जाऊन फोटो आणायचं:
धावपट्टी शाबूत,
बाजूच्या गव्हात ओळीनं सहा खड्डे,
पाणी न लागलेल्या विहिरींसारखे.
साहेब म्हणाले, झोप तर मोडली त्यांची.
त्या झोपेच्या हिशोबात
रिबेलो आणि त्याचा नेव्हिगेटर आले नाहीत.
नेव्हिगेटरचं नाव मामा सांगत नाही,
गहू कोणत्या जातीचा होता ते सांगतो.

लढाईच्या आधी, एकाहत्तरच्या ऑक्टोबरात,
सरावाला त्यांना भुसावळ दिलं.
लक्ष्य: तापीवरचा पूल.
बॉम्ब नव्हते. बटण होतं,
आणि दाबल्याची वेळ लिहायची होती.
खाली ब्लॅकआउटची तालीम,
यार्डसुद्धा काळं. इंजिनांच्या भट्ट्यांवर पत्रे.
जिथं तो सायकल शिकला ते सगळं गाव
शाईच्या दौतीत बुडवलेलं.

आणि नदीपलीकडं एक दिवा.

एकच. पिवळा. हलणारा.
त्याच्याकडं बघू नये हे शिकवलेलं असतं.
त्यानं बघितलं.
कक्कड ओरडला तेव्हा पूल मागं गेला होता.
दहा सेकंद उशीर.
त्या वेगात दहा सेकंद म्हणजे सव्वा मैल.
सकाळी नकाशावर त्यानं पट्टी ठेवली, पेन्सिलीनं फुली मारली,
आणि फुली पडली ती इथं,
या बांधाच्या अलीकडं, जिथं तेव्हा गोठा होता.
शेऱ्यात कुणीतरी लिहिलं:
रात्रीच्या मानानं समाधानकारक.

दिवाळीला घरी आला तेव्हा आजी म्हणाली,
म्हस याले आली व्हती रे, त्या राती.
पाय आडवा आल्ता पारडाचा.
कंदील न लावू तं काय करू?
शिपाई शिट्ट्या मारे नदीवरून.
तुले वरतून दिसला का?

दिसला.

मंग वयखला नाही का?

मामा म्हणतो, मी सांगितलं तिला,
दिवा दिसतो. कोणाचा ते नाही दिसत.
ती पुरणाचा घास हातात धरून बसली थोडा वेळ,
मग म्हणाली, खाय.

डिसेंबरात तो खरे बॉम्ब घेऊन सात वेळा गेला.
सातांतले दोन लागले असं सरकार म्हणतं.
उरलेल्या पाचांबद्दल
तो फक्त गोठे मोजतो.

एक वाजला. खांबावरचा डीपी गुणगुणला.
मामा स्टार्टर दाबतो. ठक.
मोटर जमिनीच्या पोटात कण्हते,
पाईपाच्या तोंडाशी पाणी यायला दहाएक सेकंद लागतात.
मी विचारलं तर म्हणतो, मोजत नाही.

माझेही डोळे आता अंधाराला लागलेत.
ओठ हलताना दिसतात.